बिनचिठ्ठीचा गुलाब

"घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला धीर शिकवायला लागत नाही," असं म्हणत घड्याळजींनी नर्सरीतून नेमकं तेच गुलाबाचं रोप उचललं, ज्याची रंगाची चिठ्ठी गळून पडली होती. "उमलेल तेव्हा कळेल. वाट बघण्यातच गोडी आहे."

"गोडी बघा," बायको म्हणाली, "पण या खेपेलाही फूल दिसलं नाही, तर गॅलरीचा तो कोपरा माझ्या वॉशिंग मशीनचा."

घड्याळजींचा जीव त्या कोपऱ्यात होता. तिथे मोगरा सुकला होता, शेवंती लाडानं पाणी पिऊन पिऊन कुजली होती. गुलाबाला मात्र भरभरून कळ्या आल्या. मग घरात पैज लागली. घड्याळजी म्हणाले पिवळा, बायको म्हणाली लाल, आणि आई विणता विणता म्हणाली, "पांढरा. माझं मन सांगतंय."

देवानं माणसाला धीर दिला खरा, पण उत्सुकता त्याच्या आधीच दिली असावी. त्या दुपारी डोळ्याला भिंग लावून घड्याळजींनी चिमट्यानं एक कळी जराशी उकलली. आत सगळं हिरवटच. कळी मात्र देठासकट हातात आली. ती खिशात घालून ते साळसूदपणे चहाला बसले.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन कळ्या गायब. घड्याळजी चक्रावले. आपण तर एकच...

"कीड असणार," ते म्हणाले.

"कीडच," बायको म्हणाली, जरा घाईनंच.

"मेली भारीच हावरट," आई टाके मोजत पुटपुटली.

औषध फवारलं, तरी कळ्या घटतच राहिल्या. किडीनं खाण्याआधी रंग तरी कळावा, म्हणून घड्याळजींनी आणखी एक उकलली. मग आणखी एक. शेवटी झाडावर पानं आणि काटे तेवढे उरले. बायको टेप घेऊन कोपरा मोजू लागली.

तेवढ्यात कठड्यापलीकडून शेजारीणबाई म्हणाल्या, "अहो, तुमची एक फांदी आमच्याकडे वाकलीये. तिला फूल आलंय."

तिघंही कठड्यावर ओणवी झाली. "रंग कोणता?"

"गुलाबी."

तिघांचेही चेहरे पडले.

"तुम्हाला गुलाब आवडत नाही का हो?" शेजारीणबाईंनी मनापासून विचारलं. "सकाळी वहिनी केसांची पिन घेऊन येतात, दुपारी भाऊ चिमटा, संध्याकाळी आजी विणायची सुई. रोज कळ्या खुडायचं चाललेलं असतं."

आईनं सुई लोकरीच्या गुंड्यात खुपसली, बायकोचा हात केसांतल्या पिनेवर गेला.

"फूल दिसलं मात्र," घड्याळजी चाचरत म्हणाले.

"दिसलं," बायकोनं टेप गुंडाळला. "राहू दे तुमचा कोपरा. पण यापुढे सगळ्या फांद्या पलीकडेच वाकवा. आपला हात पोचणार नाही अशा."