घरचा देवमाणूस

रविवारी सकाळी चष्मेवाल्यांनी टीव्ही बंद केला, रिमोट स्वतःच्या खिशात घातला आणि दोन्ही मुलांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. आदल्या दिवशी शेजारच्या मास्तरीणबाई जिन्यात म्हणाल्या होत्या, "हल्लीच्या मुलांना सिनेमातल्या राक्षसाचं सगळं खानदान पाठ असतं. स्वतःच्या पणजोबांविषयी विचारा, नुसती तोंडाकडे बघतात." बाई सर्वसाधारण बोलल्या होत्या, चष्मेवाल्यांनी ते आपल्या घराण्यावर घेतलं. त्यांचा स्वभावच तसा होता. त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाईक "जरा धूसर दिसतंय" म्हणालं, तरी त्यांना आपल्यावर आळ घेतल्यासारखं वाटायचं.

"आपण कोण, हे तुम्हाला कळलं पाहिजे," ते म्हणाले. "आणि आपल्या घरात श्रद्धा म्हणजे काय होती, तेही."

"परीक्षेला आहे का?" थोरल्यानं विचारलं.

"आयुष्याला आहे. सरळ बस."

चष्मेवाल्यांचे वडील फार लवकर गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या वडिलांविषयी चार गोष्टी सांगितल्या होत्या आणि एक फोटो दिला होता. चष्मेवाल्यांची वडिलोपार्जित इस्टेट म्हणाल तर एवढीच. ती आता मुलांच्या हवाली करायची, या विचारानं त्यांनी फोटो मुलांसमोर टेबलावर ठेवला.

"माझे आजोबा, म्हणजे तुमचे पणजोबा, साधे शिंपी होते. पण देवमाणूस. सगळी वस्ती त्यांना देवमाणूस म्हणायची. दुकान उघडायच्या आधी दारात माणसं उभी असायची. भले भले त्यांच्यापुढे हात जोडायचे. मशीनपाशी बसल्या बसल्या त्यांनी डोळे मिटले, की तास तास उघडायचे नाहीत. आणि गेले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती."

धाकटी फोटोकडे टक लावून बघत होती. "म्हणजे ते अर्धे देव आणि अर्धे माणूस होते?"

"तसं म्हटलं तरी चालेल," चष्मेवाले गहिवरून म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार जड गेलं.

"अहो, तिला नीट समजावून सांगा," आतून बायकोचा आवाज आला. ती औषधांच्या दुकानात काम करायची, आणि कुठली गोष्ट किती प्रमाणात द्यायची याचं तिला भान होतं. "ती सगळं खरं धरून चालते."

"धरू दे. श्रद्धा अशीच रुजते."

रुजली, आणि तणासारखी फोफावली. धाकटीनं फोटो चपलांच्या कपाटावर ठेवला, कारण तिचा हात तेवढाच पोचत होता. दुसऱ्या दिवशी तिचा दात काढायचा होता. तिनं पणजोबांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तासाभरात दवाखान्यातून फोन आला की डॉक्टरांनाच ताप आलाय, पुढच्या आठवड्यात या. थोरल्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्याचा पोहण्याचा चष्मा कित्येक दिवस सापडत नव्हता. त्यानं सहज म्हणून फोटोपाशी विषय काढला, आणि चष्मा आईच्या पिशवीत निघाला. मग मात्र ही बातमी इमारतभर व्हायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी चष्मेवाले दुकानातून आले तर दाराबाहेर परक्या बुटांचा ढीग. आत चपलांच्या कपाटासमोर पाच-सहा पोरं डोळे मिटून बसलेली. एकाला पोहण्याच्या वर्गातून सुटका हवी होती. एका मुलीला धाकट्या भावाच्या बदल्यात कुत्रा हवा होता.

"हा काय बाजार मांडलाय?" चष्मेवाले कडाडले. "पूर्वजांची आठवण ठेवा म्हटलं होतं, त्यांना राबवा म्हटलं नव्हतं."

"ते स्वतःच करतात, बाबा," धाकटी म्हणाली. "त्यांना आवडतं."

पोरं पांगली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. दोन दिवसांनी मास्तरीणबाई आपल्या मुलाची गणिताची उत्तरपत्रिका घेऊन दारात उभ्या राहिल्या. उत्तरपत्रिका कोरी करकरीत होती.

"एकाही गणिताला हात लावला नाही यानं," बाई म्हणाल्या. "विचारलं तर म्हणतो, पणजोबा बघून घेतील. म्हटलं, कोणाचे पणजोबा? तर म्हणे, शेजारच्यांचे."

बायकोनं आतून खुणा केल्या, की सॉरी म्हणा आणि मिटवा. चष्मेवाले मिटवणारही होते. पण बाई पुढे म्हणाल्या, "मुलांना पूर्वज सांगा म्हटलं होतं. हे असले भोंदू प्रकार शिकवा नव्हतं म्हटलं."

"भोंदू कोणाला म्हणता?" चष्मेवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. "मुलं मुलांसारखी वागली, त्यात आमच्या आजोबांचा काय दोष? तो माणूस काय होता, तुम्हाला काय माहीत? थांबा. जाऊ नका. आत्ताच्या आत्ता ऐका."

त्यांनी आत्याला फोन लावला. आजोबांची ही एकच मुलगी आता हयात होती. फोन टेबलावर ठेवून त्यांनी आवाज मोठा केला. बाई ऐकत होत्या, बायको ऐकत होती, दोन्ही मुलं कान टवकारून बसली होती.

"आत्या, आजोबांना लोक देवमाणूस का म्हणायचे? जरा मोठ्यानं सांग."

पलीकडून आधी हसू आलं. "नानांना? अरे, त्यांच्या 'देव जाणे'मुळे. कोणी विचारलं, सदरा कधी मिळेल, की नाना म्हणायचे, देव जाणे. कोट कधी? देव जाणे. मग पडलं नाव. देवमाणूस."

चष्मेवाल्यांनी फोन जवळ ओढला. "पण दुकान उघडायच्या आधी दारात माणसं..."

"मग काय करतील? एकदा का दुकान उघडलं, की नाना मागच्या दारानं पसार. आधीच गाठावं लागायचं."

"लोक हात जोडायचे त्यांच्यापुढे."

"जोडायचे तर. लग्न उद्यावर आलं, आता तरी कोट द्या म्हणून. एका नवऱ्या मुलाचं माप घेतलं होतं नानांनी. तो कोट शेवटी त्याच्या मुलानं घातला."

"आणि डोळे मिटून तास तास बसायचे, ते?"

"झोप रे ती. प्रार्थना गिऱ्हाइकं करायची."

मास्तरीणबाईंनी उत्तरपत्रिका तोंडापुढे धरली होती आणि ती थरथरत होती. चष्मेवाल्यांना भयंकर संताप आला. बाईंचा, आत्याचा, नानांचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या वडिलांचा, ज्यांनी हे चार शब्द इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितले होते. त्यांनी शेवटची काडी धरून पाहिली. "गेले तेव्हा घर भरलं होतं म्हणतात."

"भरलं होतं की. जो तो आपापलं कापड शोधत होता." आत्याचं हसू ओसरलं. "पण कापड मिळालं तरी कोणी उठलं नाही हं. बसून राहिले. एकेक जण नानांच्या थापा सांगत होता, हसत होता आणि डोळे पुसत होता. तसं नंतर कोणासाठी झालेलं मी तरी पाहिलं नाही."

फोन बंद झाला. चष्मेवाल्यांना मुलांकडे बघवेना. मुलांना द्यायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि जे होतं ते शेजारणीच्या साक्षीनं मातीत गेलं होतं. वाईट वाटलं की ते चिडत; आताही तोच मार्ग त्यांना जवळचा वाटला.

धाकटीनं मात्र मोठा सुस्कारा सोडला. "आता कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?" चष्मेवाले खेकसले.

"मी पणजोबांना रोज सांगते, की बाबांचं चिडणं बंद करा. दाताचं काम लगेच झालं, हे होतच नव्हतं. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही." तिचा चेहरा उजळला होता. "पण ते शिंपी आहेत ना. त्यांच्याकडे उशीर होतो. ऑर्डर तर घेतलीये त्यांनी."

मास्तरीणबाईंनी उत्तरपत्रिका खाली घेतली. त्या आता हसत नव्हत्या. बायको ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. चष्मेवाल्यांनी ओरडायला तोंड उघडलं. छातीत हवा भरली होती, शब्दही तयार होते. पण कोणावर ओरडायचं तेच त्यांना सुचेना. ते तसेच थोडा वेळ उघड्या तोंडानं उभे राहिले आणि मग त्यांनी ते हळूच मिटलं.

धाकटी ते लक्ष देऊन बघत होती. तिनं दादाला कोपर मारलं आणि कुजबुजली, "बघ, माप तरी घेतलं."