चाकावरची पिवळी रेघ

नवी गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले, तर चारही चाकांच्या प्रत्येक नटावर कोणीतरी पिवळ्या ऑइलपेंटची रेघ ओढून ठेवली होती. चाकांवरच्या चकचकीत प्लास्टिकच्या टोप्या काढून बोनेटवर एकावर एक रचल्या होत्या आणि वरच्या टोपीत चिठ्ठी होती: ‘नट झाकणारी वस्तू रिजेक्ट.’

बावन्नाव्या वर्षी, आयुष्यातली पहिली गाडी, स्वतःच्या पगारातून घेतलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणी केलं हे विचारायची गरज नव्हती. रांझीच्या आमच्या कॉलनीत असले उद्योग एकच माणूस करतो, ते म्हणजे तळमजल्यावरचे खानझोडे काका.

काका गाड्यांच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तिथे म्हणे नट पुरता आवळला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढतात. नट जरासा जरी फिरला तरी रेघेची दोन टोकं जुळत नाहीत, आणि लांबूनच कळतं की काहीतरी ढिलं झालं आहे. पद्धत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी या गृहस्थांना कोणी सांगितलंच नाही की आता पुरे.

रोज सकाळी सहा वाजता काका बाहेर पडायचे. अंगात बनियन, खाली फॅक्टरीची खाकी पँट, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात हवा मोजायचं मीटर आणि कानावर बिडीसारखा खोचलेला ब्रश. कॉलनीतल्या प्रत्येक गाडीपुढे उकिडवे बसायचे आणि एकेक नट बघायचे. मग तोफखाना सुरू. “किसकी है ये गाडी? टायर है कि टकला आदमी? रिजेक्ट!” पावणेसातला बरोबर थांबायचे आणि घरात जायचे. मधल्या पाऊण तासात अख्खी कॉलनी जागी झालेली असायची, अर्थात शिव्या देत.

नमस्कार-चमत्कार त्यांना माहीत नव्हते. गाडी थांबली की पहिला प्रश्न, “स्टेपनी दाखव.” समोरच्या गुप्ताजींच्या मुलीची सकाळी सहाची बिदाई होती. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडत होती, बँडवाला करुण काहीतरी वाजवत होता, आणि काकांनी फुलांनी मढवलेल्या गाडीची डिकी उघडायला लावली. “दूल्हे राजा, उतरो. स्टेपनी में हवा नहीं है. लडकी को जंगल में बिठाओगे क्या?” स्टेपनीत हवा भरून आणेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात नवरीचं रडणं संपलं आणि तिने दोन कचोऱ्या खाल्ल्या. गुप्ताजी तेव्हापासून काकांशी बोलत नाहीत. काकांच्या ते लक्षातसुद्धा आलेलं नाही.

काकू मात्र दोन वर्षांत कोणाला दिसल्या नव्हत्या. कशा आहेत विचारलं की काका म्हणायचे, “पूजेत आहे.” दुपारी चार वाजता विचारलं तरी पूजेतच. मला वाटायचं, असा नवरा असल्यावर बाई देवालाच धरून बसणार, दुसरं काय करेल.

तर त्या सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी दार अर्धवटच उघडलं.

“काका, ही माझी गाडी आहे.”

“गाडी तुमची आहे, मॅडम. रस्ता तुमच्या बापाचा आहे काय?”

एरवी ते मला मंजू म्हणतात. लग्न होऊन या कॉलनीत आले तेव्हापासून अगं-तुगंच. चिडले की मात्र मॅडम आणि तुम्ही.

“माझ्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही,” मी म्हटलं.

“काहून? हात लावल्यानं झिजून राहिली काय?” ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी रसायनशास्त्र शिकवते. रंग कशाने निघतो हे मला कोणी सांगायला नको. थिनरने घासून सोळाही रेघा काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोळा. पुन्हा काढल्या, पुन्हा सोळा. हे अकरा दिवस चाललं. माझी नखं पिवळी झाली, त्यांचा डबा काही संपेना. बाराव्या दिवशी मी अर्ज लिहिला. ‘श्री खानझोडे यांना दुसऱ्यांच्या वाहनांजवळ जाण्यास मनाई करावी.’ हिंदीत, मुद्देसूद, सतरा लोकांच्या सह्यांनिशी. पहिली सही अर्थातच गुप्ताजींची. कॉलनीचे अध्यक्ष तिवारीजी म्हणाले, “रविवारच्या मीटिंगमध्ये द्या मॅडम, सोमवारपासून सकाळी सहाला चौकीदार त्यांच्या दाराशी उभा करतो. बाहेर पडले की परत आत.” मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

रविवारपर्यंत गाडी वाचवायची म्हणून मी ती शुक्रवारी हलवली. नेपियर टाउनमधल्या एका दुकानात नटांच्या खाचांतला रंग काढायला चाकं उतरवली, दुकानवाल्याच्या सांगण्यावरून पुढची मागे, मागची पुढे करून घेतली आणि रात्री मैत्रिणीच्या अंगणात ठेवली. म्हटलं, आता ओढा रेघा.

शनिवारी कुंडमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा होती. ती आटोपून दुपारी परत निघाले. अर्ज पर्समध्येच होता. जंगलाच्या मधोमध पुढच्या डाव्या चाकातून खडखड येऊ लागलं, मग स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. मी गाडी कडेला घेतली आणि उतरून पाहिलं. चार नटांपैकी एक नव्हताच, आणि उरलेले तीन मी बोटांनी फिरवू शकत होते.

संताप आला. दुकानवाल्याला फोन केला, त्याने उचलला नाही. नवरा ड्यूटीवर इटारसीला. तिवारीजींना फोन केला तर तो माणूस सहज आवाजात म्हणतो, “अरे मॅडम, खानझोडेजी को बुला लीजिए ना.”

दहा मिनिटं मी रस्त्याच्या कडेला नुसती चडफडत उभी होते. मग लावला फोन.

“काका, कुंडमच्या रस्त्यावर जंगलात आहे. चाक हलतंय, एक नट पडलाय.”

वाटलं, आता सुरू होणार. पण ते म्हणाले, “गाडीतून उतरलीस? हँडब्रेक ओढ. मागच्या चाकाला दगड लाव. आणि रस्त्यापासून लांब, सावलीत जाऊन बस. नटाला हात लावू नको. मी येऊन राहिलो.”

तासाभराने त्यांची जुनी निळी गाडी आली. पुढच्या सीटवर काकू होत्या. नीट नेसलेली साडी, खांद्यावर शाल, मांडीवर स्टीलचा डबा.

काका उतरले, गाडीचं दार नीट लावून पार सावलीपर्यंत आले आणि मग मात्र जंगल दणाणलं. “पुसली ना रेघ? पुसा अजून! थिनर लावा! एमएस्सी केलं, आणि ढिला नट दिसत नाही! रेघ असती तर सकाळी निघतानाच दिसलं असतं, पोरी. चाक निघालं असतं म्हणजे? ट्रक समोरून आला असता म्हणजे?” मी पहिल्यांदाच सगळं ऐकून घेतलं.

मग वळून एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, “तिच्याजवळ बस जरा. दार उघडू देऊ नको.”

मी काकूंशेजारी बसले. काकूंनी मला हसून विचारलं, “तुम्ही कोणाच्या?” तीस वर्षं या बाईने मला भोगीला भाकरी-भाजी पाठवली होती.

“मी मंजू, काकू. वरच्या मजल्यावरची.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून हाक मारली, “अहो, आपण कुठं चाललो?”

“फिरायला चाललो, कमल,” काका चाकाशी बसूनच म्हणाले.

त्यांनी जॅक लावला, खिशातून एक नवा नट काढला, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, गाडी खाली उतरवून पुन्हा पान्यावर सगळं वजन टाकून आवळले. तेवढ्या वेळात काकूंनी तोच प्रश्न नऊदा विचारला. नऊही वेळा त्याच आवाजात तेच उत्तर आलं. “फिरायला चाललो, कमल.” एकदाही ‘सांगितलं ना’ नाही. हाच माणूस दूधवाल्याच्या मोटरसायकलच्या चेनीवरून गल्ली डोक्यावर घेतो.

काकूंच्या मांडीवरच्या डब्यावर, झाकणापासून खालपर्यंत, एक पिवळी रेघ होती. त्यांनी माझं बोट धरून त्या रेघेवरून फिरवलं. “सरळ आहे ना? सरळ आहे तर सगळं ठीक. हे म्हणतात.”

काम झाल्यावर काका ब्रश हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. “लावू?” पहिल्यांदाच विचारलं.

“लावा.”

चार रेघा ओढून झाल्यावर म्हणाले, “तुझा अर्ज वाचला मी. सह्यांसाठी फिरत होता तेव्हा गुप्तानं खिडकीतून नाकासमोर धरला. दुसऱ्या ओळीत मात्रा चुकली आहे, ती नीट कर आणि मग दे.” आणि गाडी सुरू करता करता म्हणाले, “चलो. हळू चालव, मी मागं आहे. घरी गेल्यावर नट पुन्हा आवळायचे.”

घरी पोचल्यावर काकूंचा हात धरून मी त्यांना आत नेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात पाय ठेवला. गॅसच्या बटणावर पिवळी रेघ. नळावर रेघ. मागच्या दाराच्या कडीवर, औषधाच्या बाटलीच्या झाकणावर, गीझरच्या स्विचवर रेघ. काका दारातच थांबले, नजर एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर फिरली. गॅसच्या बटणाची रेघ सरकलेली होती. निघायच्या गडबडीत काकूंनी फिरवलं असणार. सिलिंडर खालून बंद होता म्हणून बरं.

मला वाटलं, आता हे ओरडणार. काकांनी बटण हलकेच जागेवर आणलं. “चहा करायचा होता का तुला? थांब, मी करतो.”

मला म्हणाले, “सहा ते पावणेसात ती झोपते. बाहेरून कडी लावून निघतो. तेवढाच वेळ असतो, मंजू. दिवसभर आवाज चढवत नाही मी. चढवला तर घाबरते, मग मलाच ओळखत नाही.” आणि आधण ठेवायला वळले.

तो पाऊण तास मी चौकीदार लावून बंद करायला निघाले होते. लाज वाटली, आणि रागही आला, यावेळी स्वतःचाच. अर्ज मी त्यांच्याच गॅसवर जाळला. पोळ्या भाजायच्या चिमट्यात धरून, काका बघत असताना. ते एवढंच म्हणाले, “बटण नीट बंद कर.”

आता दर रविवारी सकाळी साडेपाचला मी खाली जाते आणि माझ्या स्टेपनीतली थोडी हवा सोडते. फक्त स्टेपनीतली, चालत्या चाकाला हात लावायची माझी हिंमत नाही. सहाला काका डिकी उघडायला लावतात, मीटर लावतात आणि सुरू होतात. माझं शिक्षण, माझी अक्कल, माझी अख्खी पिढी रिजेक्ट होते. मी खाली मान घालून ऐकते. ज्यांना माझा स्वभाव माहीत आहे, ते गॅलरीत येऊन बघतात.

गेल्या रविवारी त्यांनी मीटर लावलं, आकडा पाहिला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. “ही हवा आपोआप नाही जाऊन राहिली,” ते हळूच म्हणाले.

मी नेहमीसारखी मान खाली घातली.

मग त्यांनी घसा खाकरला आणि चांगली वीस मिनिटं माझ्यावर ओरडले. पावणेसातला थांबले, ब्रश कानावर खोचला, दाराची कडी आवाज न करता काढली आणि आत डोकावून म्हणाले, “उठलीस, कमल?”