तानूआत्याचं आंबवण आणि मुंगशांचं फेनक

एका जंगलात, बाळांनो, तानूआत्या नावाची अस्वलीण राहत होती. गोष्टीला थोडा वास आहे. ज्यांना सोसत नसेल त्यांनी नाक धरून ऐकावी.

तानूआत्या मोहाची फुलं वेचायची. त्यात मोहाच्याच बियांचं तेल ओतायची. दगडाच्या डोणीत ते सगळं पळसाच्या पानांनी झाकून आठ दिवस आंबत ठेवायची. आठव्या दिवशी वर पातळसा फेस धरायचा. तो अंगाला चोळला की मळ निघायचा आणि कातडी मऊच राहायची. वास मात्र असा, की माकडं झाड बदलायची.

"वासाने कुणी मेलंय का?" आत्या म्हणायची. "खाजेने मात्र जीव जातो."

मग मुंगसे आले. मुंगसे म्हणजे साधं मुंगूसच. पण ते शहरातल्या एका साबणाच्या कारखान्याच्या भिंतीखाली तीन वर्षं राहून आले होते, म्हणून सगळे त्यांना अहोजाहो करायचे. येताना त्यांनी गुलाबी वड्या आणल्या. एका वडीला एक अंडं. बिचारी हरणंसुद्धा अंडी शोधत हिंडू लागली. पण फेस काय यायचा! सशाने अंगाला वडी लावली की फक्त कान दिसायचे.

आत्याच्या डोणीकडे कुणी फिरकेना.

महिन्याभरात सगळं जंगल खाजवू लागलं. वडीने मळ नेला होता, आणि मळाबरोबर कातडीचं तेलही नेलं होतं. सिंहमहाराजांना वाटलं, साथ आली. त्यांनी दवंडी पिटवली, "जो खाजवताना दिसेल, त्याला पाणवठा बंद!"

दिवस चैत्राचे. दुसरं पाणी दोन डोंगरांपलीकडे.

रेवा नावाची सांबरीण दोन दिवस तहानलेली होती. पाठ झाडाला घासून घासून सोलली होती. ती आत्याकडे आली आणि मान खाली घालून उभी राहिली.

"आत्या, वड्या घेत होते तेव्हा तुला तोंड दाखवलं नाही. आता कुठल्या तोंडाने..."

"तोंड राहू दे. पाठ कर इकडे," आत्या म्हणाली.

एका रात्रीत रेवाची खाज थांबली. ती पाणवठ्यावर जाऊन पोटभर पाणी प्यायली. बातमी पसरली. डोणीपुढे रांग लागली.

हे पाहून मुंगसे तडक दरबारात गेले. "महाराज, ती तानूबाई मोह आंबवते. मोह आंबवला की काय होतं, ते लहान तोंडी मी काय सांगू?"

"दारू!" प्रधान गवा ओरडला. प्रधानांना जरा जास्तच चटकन आठवलं.

आत्याला डोणीसकट बोलावलं. "महाराज, हे प्यायचं नाही, अंगाला लावायचं," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," प्रधान म्हणाले, आणि चौकशीसाठी त्यांनी डोणीत तोंड घातलं. चौकशी बरीच खोल झाली. मग त्यांना एक उचकी लागली. तोंडातून आणि दोन्ही नाकपुड्यांतून फेस येऊ लागला. बुडबुडे थेट महाराजांच्या आयाळीवर जाऊन बसले.

"बघा, दारू नाही," आत्या म्हणाली.

"नाहीच," महाराज म्हणाले. "विष आहे. प्रधानांच्या तोंडाला फेस आला."

"हिने कुणाला बरं केलंय का? असेल तर पुढे या," प्रधानांनी फेस पुसत विचारलं. रेवा मागे उभी होती. पाण्याची परवानगी तिला नुकतीच परत मिळाली होती. ती आणखी एक पाऊल मागे सरकली.

महाराजांनी आत्याच्या नावावरच बंदी घातली आणि हत्तींनी तिच्या सगळ्या डोणी उलथवल्या.

पंधरा दिवसांनी मुंगसे पुन्हा दरबारात आले. हातात काचेची बाटली. उपड्या डोणीतला गाळ त्यांनी हळूच गोळा करून आणला होता, त्यात चाफ्याची चार फुलं टाकली होती.

"महाराज, सादर आहे वनस्पतिजन्य किण्वित फेनक."

"किण्वित म्हणजे?"

"शास्त्र आहे, महाराज."

"प्यायचं का?" प्रधानांनी आशेने विचारलं.

"छे! अंगाला लावायचं."

"असं स्पष्ट सांगावं माणसाने," महाराज खूश होऊन म्हणाले.

राणीसाहेबांनी फेनक लावलं. खाज थांबली. मग दरबाऱ्यांनी लावलं. पण गाळ संपला. मुंगशांनी स्वतः आंबवायला घेतलं, तर त्यावर काळी बुरशी चढली. राणीसाहेब पुन्हा खाजवू लागल्या. मुंगसे पहाटेच आत्याच्या गुहेपाशी आले.

"बाई, बिघडतंय हो."

"पहिली साय काढून टाकली होतीस?"

"ती काढायची असते?"

आत्या हसली. "मी करून देते. पण माझ्या नावाने दे."

"तुमच्या नावावर बंदी आहे, बाई. माझा इलाज नाही."

आत्याच्या मनात आलं, याला शेपटीला धरून हाकलावा. मग तिने गुहेबाहेर पाहिलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात पाणवठा बंद झालेली दोन चितळं ओला दगड चाटत होती.

"चल," ती म्हणाली.

पुढे एकदा राणीसाहेब मुंगशांचा कारखाना पाहायला आल्या. आत्या कोपरापर्यंत हात घालून आंबवण ढवळत होती.

"काय सुरेख हात आहे हिचा! कुणी शिकवलं?"

"आम्हीच," मुंगसे म्हणाले.

"खरं का गं?"

"खरं आहे, राणीसाहेब," आत्या हात न थांबवता म्हणाली. "आधी मी नुसतं आंबवायची. किण्वन यांनी शिकवलं."

राणीसाहेबांनी मुंगशांना शाल पांघरवली. टाळ्या सगळ्यात जोरात रेवाने वाजवल्या.

तात्पर्य : बाळांनो, कष्ट करणाऱ्याचे हात आंबट असले तरी चालतात, नाव तेवढं सुगंधी हवं. आणि तुम्हाला कुणी बरं केलं, तर त्याचे उपकार जरूर स्मरावेत. मात्र आपलं पाणी चालू आहे ना, याची खात्री करून, मनातल्या मनात.