सिमल्याचं विरजण

आमच्या शेजारच्या कुंदाकाकू प्रवासाला निघाल्या की सामानात सगळ्यांत आधी दही भरतात. खायला नव्हे, विरजणापुरतं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत. कल्याणला बहिणीकडे एक रात्र राहायचं असलं तरी डबी पर्समध्ये असतेच. "घरी ठेवलं तर त्याच्याकडे कोण बघणार?" हा त्यांचा सवाल. विरजण सासूबाईंनी दिलेलं, आणि इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही मोडू दिलेलं नाही.

डोंबिवलीत हे सगळं खपून जातं. आमच्याकडचा उकाडा असा, की दूध ओट्यावर विसरलं तरी त्याचं काहीतरी होतंच. पण फेब्रुवारीत मी आणि काकू एका टूरबरोबर सिमल्याला गेलो, एकाच खोलीत उतरलो, आणि पंचाईत झाली.

पहिल्याच संध्याकाळी काकूंनी बलबीर नावाच्या वेटरकडे कोमट दूध आणि एक पातेलं मागितलं.

"माताजी, दही चाहिए तो हम दे देंगे," तो म्हणाला.

"तुम्हारा दही तुम्हारे पास रखो. मेरेवाले को बहोत थंडी बजती है. गरम पानी का पिशवी है क्या?"

बलबीरला कसं कोण जाणे, सगळं कळलं. तो पिशवी घेऊन आला.

सकाळी बघतो तर दूध जसंच्या तसं. डबीतलं सगळं विरजण त्यात घातलेलं, म्हणजे हे लागलं नाही तर सासूबाईंचं दही सिमल्यात संपणार. काकूंचा चेहरा उतरला. मग पातेल्याला त्यांचा स्वेटर मिळाला, वर मी हौसेनं घेतलेली नवी शाल आणि तिच्यावर माझी कानटोपी. पातेलं ऊबदार झालं आणि मी मॉल रोडवर दोन्ही कान धरून हिंडले.

दुसऱ्या दिवशी बर्फ बघायला जायचं होतं. सगळी टूर बूट चढवून तयार, आणि काकू पलंगावर मांडी घालून बसलेल्या.

"मी नाही येत गं. बर्फ काय, आपल्या फ्रिजरमध्येही साठतो. याला एकट्याला टाकून कुठे येऊ?"

"काकू, तुम्ही दह्याला सिमला दाखवायला आलायत का?" मी वैतागून म्हटलं आणि निघाले.

बर्फ छान होता. मी पडले, हसले, फोटो काढले. पण खोलीवरच्या त्या बाईचा विचार काही डोक्यातून जाईना. दुपारी परतले तर काकू गॅलरीतल्या उन्हात खुर्चीवर, मांडीवर पातेलं, आणि समोर सगळे डोंगर पांढरेशुभ्र.

"बैस," त्या म्हणाल्या. "आमचा मिहीर लहानपणी झोपेत पांघरूण लाथाडायचा. मी उठून घालायचे. तो गेला ऑस्ट्रेलियाला. मग हे आजारी पडले, त्यांचं करायचे. आता हेही नाहीत." त्यांनी शाल जरा सारखी केली. "अगं, निजण्याआधी कुणाला तरी पांघरूण घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. दही तर दही."

एरवी मी काहीतरी चेष्टा केली असती. या वेळी शालीचं सुटलेलं टोक पातेल्याखाली खोचलं.

थोड्या वेळानं त्यांनी झाकण उघडलं, पातेलं हळूच कलतं केलं. दही हललं नाही! काकू लहान मुलीसारख्या ओरडल्या. बलबीर धावत आला, त्याला पहिली वाटी मिळाली. "बढिया है, माताजी," तो म्हणाला. "होणारच बढिया, डोंबिवली का है," असं त्याला ऐकवून काकूंनी चमचाभर दही डबीत भरलं. उरलेलं बलबीर रात्रीच्या जेवणासाठी किचनमध्ये घेऊन गेला.

आम्ही खोलीत आलो. काकूंनी शालीची घडी घातली, मोडली, परत घातली. स्वेटर झटकला. मग हात मांडीवर ठेवून पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. आनंद होता चेहऱ्यावर, पण हातांना काही सुचत नव्हतं.

मी आडवी झाले आणि म्हटलं, "काकू, मला थंडी वाजतेय हो."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" त्या ताडकन उठल्या. रजई माझ्या हनुवटीपर्यंत ओढली, पायांकडून आत खोचली, दोन्ही बाजूंनी दाबली.

आई गेल्यापासून मला असं पांघरूण कुणी घातलं नव्हतं. डोळे भरून आले ते काकूंना दिसू नयेत म्हणून मी कूस बदलली, तर पाठ उघडी पडली म्हणून त्यांनी रजई परत सारखी केली.