मुंगीमास्तर आणि सात मोहोळं

समोर माणूस नसलं तरी मुंगीमास्तरांचं व्याख्यान वेळेवर सुरू व्हायचं. आमच्या गावचा बाजार मंगळवारचा. दुपारी चार वाजले की मास्तर चावडीच्या कट्ट्यावर उभे राहायचे, पितळी घंटा वाजवायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि खड्या आवाजात म्हणायचे, "श्रोतेहो!" श्रोते म्हणजे बहुधा कट्ट्याला बांधलेली एक म्हैस आणि सावली बघून आडवा झालेला एखादा गाडीवान. मास्तरांना त्याचं काही नसे. "डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत," असं म्हणून ते घोरणाऱ्या गाडीवानालाही गिधाडाचे उपकार समजावून सांगत.

व्याख्यानाला अध्यक्ष मात्र लागायचाच. "अध्यक्षाशिवाय सभा म्हणजे राणीशिवाय वारूळ." जो जवळ सापडेल त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडायची. एकदा एक कासार बांगड्यांची पेटी उतरवायला कट्ट्याशी थांबला आणि 'वटवाघळाचे कुटुंब' या विषयाचा अध्यक्ष झाला. माळ घालून घरी गेला तर बायकोनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

मास्तर मुळात मास्तर नव्हतेच. जंगल खात्यात कारकून होते. साहेबांच्या मागोमाग तीस वर्षं सातपुडा चढले-उतरले, झाडांचे आकडे लिहिले, आणि पेन्शन झाल्यावर नाशिककडच्या आपल्या गावी जायचं सोडून आमच्या ओढ्याकाठी दोन खोल्यांत राहिले. कोणी विचारलं तर म्हणत, "तीस वर्षं झाडं मोजली. आता त्यांवर कोण राहतं ते बघतोय."

आमचं गाव चोपड्याच्या वर, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. बाजाराला पावरा-भिल्ल मंडळी वरून उतरायची. मी त्यांच्याकडून डिंक, चारोळी, मध घ्यायचो. नवव्या वर्षी डोक्यावर मिठाची गोणी घेऊन याच डोंगरात फिरायला लागलो, चाळिशीत पक्क्या विटांचं दुकान बांधलं. भाव केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. बायको तेवढी न पारखता आली, आणि तिनं आल्यापासून माझाच भाव पाडला.

मास्तरांच्या व्याख्यानाला गर्दी जमायची ती फक्त 'मोहाच्या झाडाखालचे अस्वल' या दिवशी. कारण मास्तर अस्वल होऊन दाखवायचे. एकदा त्यांचं ते झुलत चालणं बघून एक म्हातारा पावरा पोट धरून हसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं अस्वल दारू पिऊन आलंय." दुसरा कोणी असता तर चिडला असता. मास्तर कट्ट्यावरून खाली उतरले, म्हाताऱ्याकडून अस्वलाची चाल शिकले, आणि पुढच्या मंगळवारी घंटा वाजवून पहिलं वाक्य बोलले, "श्रोतेहो, गेल्या खेपेला मी चुकीचं चाललो."

माणूस असा सरळ. पण त्याच सरळपणानं त्यानं माझा घात केला, आणि तो मी अजून विसरलेलो नाही.

विषय होता 'मुंगीची निवड'. मास्तर माझ्या दुकानातून चमचाभर मध मागून घेऊन गेले. मीही उदार मनानं दिला. मला वाटलं, भर बाजारात आपल्या मालाची जाहिरात होतेय. त्यांनी फळीवर एका बाजूला गुळाचा खडा ठेवला, दुसऱ्या बाजूला माझा मध, आणि मुंग्या सोडल्या. सगळ्याच्या सगळ्या मुंग्या गुळावर. मधाच्या काठाशी दोन गेल्या, थबकल्या आणि परत फिरल्या. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "शेठना मधले मुंगी बी तोंड लाई नही ऱ्हायनी!" झालं. बठ्ठा बाजार हसून फुटला.

दाट मधात मुंगीचे पाय रुततात म्हणून ती टाळते, तेव्हा ती टाळते म्हणजे मध अस्सल, हे मास्तरांनी पुढे सांगितलं. पण तोवर ऐकायला म्हैसच उरली होती. पुढच्या मंगळवारी मास्तरांनी खास माझ्या मधाच्या सन्मानार्थ व्याख्यान दिलं, त्यालाही म्हैसच. त्या वर्षी माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस डब्यात बोट बुडवून विचारायचा, "भाऊ, मुंगीले इचारं का?" मी मास्तरांशी बोलणं सोडलं. ते समोरून नमस्कार करायचे, मी दुकानातल्या तराजूकडे बघायचो.

असं जन्मभर चाललं असतं तर चाललं असतं. पण माझ्या इंदूचं लग्न ठरलं.

व्याही धुळ्याचे, कापसाचे व्यापारी, आवाज असा की जिनिंग गिरणीचा भोंगा लाजावा. त्यांना लग्न धुळ्यात हवं होतं. मी हट्टाला पेटलो. सहा तास भांडून मी लग्न माझ्या दारी आणलं, आणि शेवटी त्यांनी विचारलं की वैशाखात चारशे माणसं बसवणार कुठे, तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्या गावच्या वडाखाली. सावलीची हमी माझी."

मांडवाचे खांब रोवून झाले आणि लग्नाच्या चार दिवस आधी त्या वडावर आग्या मोहोळ येऊन बसलं. एक नाही, सात. दरवर्षी ती वरच्या कड्याला असतात. त्या साली वरचं पाणी लवकर आटलं आणि माश्या खाली ओढ्याकडे आल्या. सुपाएवढी काळी मोहोळं बरोबर बोहल्याच्या डोक्यावर लटकत होती. आग्या मोहोळ उठलं की काय होतं ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. एक धडधाकट बैल त्यात गेलेला लोकांनी पाहिला होता. चारशे वऱ्हाडी, बँड, बंदुकीचे बार, आणि वर ही सात मोहोळं. लग्न मोडणं तर सोडाच, माणूस दगावला असता. दुसरीकडे मांडव हलवावा तर गावात इतकी सावली नाही, आणि धुळ्याला निरोप धाडून माघार घ्यायची म्हणजे व्याह्याच्या त्या आवाजाला जन्मभराचं काम दिल्यासारखं.

"जाळून टाकू," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "ओढ्यावर जा आणि मास्तरांना विचारा."

"त्या माणसाचं तोंड मी..."

"तुमचा राग मोठा की पोरीचं लग्न? आधी ते सांगा, म्हणजे मला कळेल आहेराचं काय करायचं ते."

मी गेलो. मास्तर अंगणात स्टुलावर बसून भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. एक बोट वर करून त्यांनी मला थांबवलं. पालीनं किडा गिळला, मग ते वळून म्हणाले, "या, या शेठ. मोहोळांसाठी आलात ना?"

"परवाच्या आत घालवायची आहेत."

"जाळलीत तर उरलेल्या माश्या चार-पाच दिवस वडाभोवती पिसाळून फिरतील. म्हणजे लग्नाच्या दिवशी त्या असणारच, फक्त चिडलेल्या."

"मग करायचं काय?"

"माश्यांना काही करायचं नाही. माणसांना सांगायचं."

"चारशे माणसांना?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "श्रोते जास्त झाले असं तुमचं म्हणणं आहे का?"

मग सौदा बसला. त्यांनी बार, बँड, अत्तर, विडी आणि वर उडवायच्या अक्षता, सगळंच बंद सांगितलं. मी म्हणालो, बँडशिवाय वरात म्हणजे मयत. खूप ओढाताण होऊन बँड मारुतीच्या देवळापर्यंत ठरला. अक्षता वर न फेकता हळूच समोर टाकायच्या. आणि मांडवात शिरण्याआधी वऱ्हाडानं व्याख्यान ऐकायचं. ते तासभर मागत होते. मी पाव तास म्हणालो. अर्ध्या तासावर हात मिळाले. वर्षभरानं मी त्या माणसाच्या हाताला हात लावला होता, पण त्या वेळी माझ्या ते लक्षातही आलं नाही.

लग्नाच्या दिवशी वरात मारुतीशी थांबली, बँड बंद झाला, आणि मास्तर बैलगाडीवर चढून घंटा वाजवायला लागले. "श्रोतेहो! आजच्या सभेचं अध्यक्षस्थान, मी विनंती करतो, नवरदेवांनी स्वीकारावं." घोड्यावर बसलेल्या जावयाच्या गळ्यात आधीच तीन हार होते, त्यात झेंडूची माळ पडली.

व्याही उसळले. "हाऊ कोन शे? आठे लगीन शे का शाळा शे?"

"शेठ, वर बघा," मास्तर वडाकडे बोट दाखवून म्हणाले. व्याह्यांनी वर बघितलं. त्यानंतर दिवसभर तो आवाज काही वर चढला नाही.

मी मास्तरांचं व्याख्यान पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं, नाइलाजानं का होईना. ते म्हणाले, "मोहोळाच्या अंगावर लाट येते. पिकावरून वारा जावा तशी. ती त्यांची ताकीद. माणसं ताकीद न देता मारतात, माशी आधी सांगते. लाट दिसली तर काय करायचं? काही नाही. हात मांडीवर आणि तोंड बंद. श्रोतेहो, चारशे जणांनी मिळून काहीही करायचं नाही, एवढं आज जमवायचं आहे. अवघड आहे, पण आपण करू."

आणि खरंच, मंडळी देवळात शिरावं तशी मांडवात शिरली. धुळ्याचे बागायतदार विड्या कनवटीला खोचून मांड्यांवर हात ठेवून बसले. भटजींनी मंगलाष्टकं अशी म्हटली की जणू तान्ह्या बाळाला झोपवतायत. मास्तर स्वतः बोहल्याच्या मागे, सगळ्यांत खालच्या मोहोळाखाली एका पाटावर बसले होते.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि व्याह्यांच्या थोरल्या अक्कांनी नवरदेवाची दृष्ट काढली.

अक्का मागच्या गाडीत होत्या, त्यांनी व्याख्यान ऐकलंच नव्हतं. भाचा चारशे माणसांत सजून उभा, दृष्ट काढल्याशिवाय त्यांना राहवेल कसं? पळीत निखारे, त्यावर मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या. धूर सरळ वर गेला.

खालच्या मोहोळावर लाट आली. मग दुसरी. मग एकदम सातही मोहोळांवर, आणि वडातून घुमणारा आवाज निघाला. मागच्या रांगेत दोघं-तिघं अर्धवट उठले. मास्तरांनी बसल्या जागेवरून फक्त एक हात वर केला आणि रोजच्यासारखं म्हणाले, "बसा. आपलं ठरलं आहे." ते बसले. माझ्या बायकोनं अक्कांच्या हातातली पळी काढून घेतली आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत खुपसली. चारशे माणसं मांडीवर हात ठेवून बसून होती. पुढच्या रांगेत व्याही डोळे मिटून ओठ हलवत होते. भटजी कुजबुजत राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. लाटा विरळ झाल्या, मग थांबल्या. तेवढ्यात अंतरपाट दूर झाला आणि लोकांनी नैवेद्य दाखवावा तशा हलक्या हातानं अक्षता टाकल्या.

असं लग्न खान्देशात दुसरं झालं नसेल. पंगतीत पानावर भात पडल्याचा आवाज ऐकू येत होता. मानपानाचं एकही भांडण झालं नाही, कारण भांडायला आवाज चढवावा लागतो आणि त्याचीच चोरी होती. व्याही निघताना माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "भाऊ, माले दोन पोरी शेतंस. त्यास्ना लगनले बी हाई मोहोळ भेटी का?" मी हसलो तो हसतच सुटलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लेक सासरी निघाली होती, तरी लोकांना वाटलं शेठला आनंदच झाला. खरं म्हणजे, सकाळपासून अडकलेला श्वास तेव्हा कुठे सुटला होता. वऱ्हाडात एकालाही माशी चावली नव्हती.

ऊन कलल्यावर मास्तरांची आठवण झाली. ते जेवायला आलेच नव्हते. नारळ-उपरणं आणि पुरणपोळ्यांचं ताट घेऊन मी ओढ्यावर गेलो. मास्तर खाटेवर भिंतीकडे पाठ करून बसले होते, पण भिंतीला टेकले नव्हते. एक डोळा मिटलेला, मान सुजून खांद्याला मिळालेली.

"मास्तर! हे कधी?"

"त्या मिरच्यांच्या वेळी," ते म्हणाले. "खालची थोडी रागावली."

"मग उठला का नाहीत?"

"मी उठलो असतो तर कोण बसलं असतं? शिवाय डंखाचा वास बाकीच्यांना बोलावतो. म्हणून उपरणं घट्ट लपेटून घेतलं."

प्रत्येक गोष्टीचा भाव करणारा माणूस मी, पण तिथे भाव करायला काही नव्हतं.

"वैद्याला आणतो."

"नको, नको. ताप येईल रात्री, उतरेल. समोरचे काटे मी काढले." मग ते थोडे घुटमळले आणि अपराध्यासारखे म्हणाले, "पाठीवर हात पोचत नाही, शेठ. आणि घरात... म्हणजे, आणखी कोणी नाही ना."

मी ताट खाली ठेवलं, त्यांचा सदरा काढला आणि मागे बसलो. म्हाताऱ्याची पाठ, हाडकुळी, डागाडागांनी भरलेली. मी नखानं काटे काढायला लागलो, सवयीप्रमाणे भराभर, डिंकातला कचरा निवडतात तसे.

"सावकाश," मास्तर म्हणाले.

"दुखतंय?"

"नाही. विष जायचं ते केव्हाच अंगात गेलं. घाई नाही, एवढंच."

मी हात हळू केला. ते काहीच बोलत नव्हते. माश्यांवर नाही, कशावरच नाही. मान थोडी खाली घालून नुसते बसले होते. सगळे काटे निघाले तेव्हा मी हात काढून घेतला. मास्तर तसेच बसून राहिले. मग हलकेच म्हणाले, "अजून एखादा राहिला असेल. बघा बरं."

मी नीट बघितलं. एकही राहिला नव्हता.

"आहे," मी म्हणालो, "जरा खोल आहे. थांबा."

आणि दिवेलागणीपर्यंत तो काटा शोधत मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.