केसू अस्वलाची भरती

एका जंगलात, बाळांनो, नोकऱ्या सोडून सगळं काही होतं. मध होता, जांभळं होती, हवा तर संपता संपत नसे. नोकरी मात्र एकच, राजाची, आणि तिच्यावर सिंहाच्या घरचेच लागत.

त्या जंगलात केसू नावाचं अस्वल राहायचं. त्याचा शेजारच्या गुहेतल्या जांभळी नावाच्या अस्वलीवर जीव होता. जांभळीचाही त्याच्यावर होता. पण तिचे वडील नामाजी म्हणाले होते, "जावई मला नोकरीवालाच हवा. मध काय, सगळेच चाटतात."

केसूची नोकरीसाठीची वयोमर्यादा आज संपणार होती. म्हणजे उद्यापासून नोकरी नाही आणि जांभळीही नाही. बिचाऱ्याला झोप लागेना, तीही ऐन हिवाळ्यात!

आणि नेमकी त्याच दिवशी जंगलाची सहल निघाली. समुद्रकाठी एक अभयारण्य होतं. तिथे डॉल्फिन, ऑक्टोपस, समुद्री कासवं असले जलचर लांबून पाहायचे आणि घरी येऊन "काही विशेष नव्हतं" म्हणायचं, असा बेत होता. नामाजी निघाले म्हणून केसूही निघाला. सवयीने त्याने कागदांची पिशवी घेतली. तीत अस्वल असल्याचा दाखला होता, गुहेत राहत असल्याचा दाखला होता, आणि हे दोन्ही दाखले खरे असल्याचा तिसरा दाखला होता.

अभयारण्याच्या दारात फळा होता. त्यावर लिहिलं होतं: 'आज पौर्णिमा. मोठी भरती. दुपारी बारा वाजता. पुढच्या खडकावर थांबू नये.'

आता तुम्हा शहाण्यांना ठाऊक आहे की समुद्राला भरती येते. पण या मंडळींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यांना एकच भरती माहीत होती, नोकरीची.

"मोठी भरती!" कोल्हा किंचाळला. कोल्ह्याला कुठेच नोकरी नव्हती, म्हणून तो नोकरीचं मार्गदर्शन करायचा.

"पण खडकावर थांबू नये असं लिहिलंय," केसू म्हणाला.

"गर्दी कमी करायला लिहितात तसं. जो थांबतो तो लागतो."

फळ्याशेजारी पहारेकरी खेकडा उभा होता. कोल्ह्याने त्याला अदबीने विचारलं, "साहेब, जागा किती?"

"जागा कसली रे? सगळो किनारो भरता."

"सगळा! आणि अशी भरती कधी कधी असते?"

"दिसाक दोनदा."

सांबरांच्या डोळ्यांत पाणी आलं. जंगलात दहा वर्षांत एकदाही झाली नव्हती.

"वशिला कुणाचा लागतो?"

"चंद्राचो."

"चंद्रसाहेब कुठे बसतात?"

"वर."

"बघा, थेट वरूनच आहे," कोल्हा हळूच म्हणाला. "आणि भरतीनंतर काय?"

"मगे ओहोटी."

"ओहोटी म्हणजे कपात," कोल्ह्याने समजावलं. "म्हणून आधी लागायचं."

सगळे पुढच्या खडकावर रांगेत उभे राहिले. पहिला केसू. समोर डॉल्फिनने हवेत दोन कोलांट्या मारल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही. भरतीत इकडेतिकडे बघितलं की नाव कापतात म्हणे.

पाणी पावलांना लागलं. "ठसे घेतायत," कोल्हा म्हणाला.

पाणी गुडघ्याला आलं. "उंची मोजतायत."

"मागे सरा रे मेल्यांनो! बुडतलात!" खेकडा आडवा आडवा धावत ओरडू लागला.

"धीर तपासतायत," कोल्हा म्हणाला, आणि स्वतः हळूच मागच्या खडकावर गेला. तिथून तो ओरडला, "पाणी छातीला लागलं! छाती मोजतायत! फुगवा!"

तेवढ्यात मोठी लाट आली. सांबरं पळाली, माकडं पळाली, नामाजी तर सर्वांत आधी किनाऱ्यावर पोचले. केसूला जांभळी आठवली. त्याने डोळे मिटले, छाती फुगवली, दाखले डोक्यावर धरले आणि तो तसाच उभा राहिला.

डॉल्फिनबाई सगळ्या नातेवाइकांना घेऊन आल्या.

"अगंबाई, काय ध्यान आहे! हे काय करतं?" त्यांच्या जाऊबाईंनी विचारलं.

"काही नाही. भिजतं आणि कागद धरतं."

"किती गोड! रोज दिसेल का?"

केसूने एक डोळा उघडला. "कायम की कंत्राटी?"

"पाणी असेपर्यंत," डॉल्फिनबाई म्हणाल्या. "पगार मासळीत."

ऑक्टोपसने आठही हातांनी त्याचे कागद तपासले आणि केसू 'प्रेक्षणीय जमीनचर' या पदावर रुजू झाला. सहा तासांनी पाणी गेलं, तशी नोकरीही गेली. पुढच्या भरतीला तो पुन्हा लागला.

नामाजींनी किनाऱ्यावरून सगळं पाहिलं. घरी जाऊन ते छाती फुगवून म्हणाले, "लोकांच्या जावयांना जन्मात एकदा नोकरी लागते. आमच्या जावयाला दिवसातून दोनदा लागते!"

लग्न ओहोटीच्या मुहूर्तावर झालं. कोल्ह्याने जंगलात भरतीपूर्व प्रशिक्षणवर्ग काढला. त्यात छाती फुगवायला शिकवतात, पोहायला नाही.

फळा शुद्ध भाषेत लिहिणारा आणि त्याचा अर्थ जाणणारा खेकडा मात्र अजून हंगामीच आहे.

तात्पर्य: धोक्याची सूचना कधीही समजून घेऊ नये. समजून घेणारे कोरडे राहतात, आणि तसेच राहून जातात.