दोनशे चौदातून उरली नऊ

जगात असा एकही मजकूर नाही, जो कापून अर्धा करता येत नाही! बावीस वर्षं एका दैनिकात उपसंपादकी केल्यावर हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

त्यामुळे त्या सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "माझा प्रोग्राम सुरू व्हायलाच हल्ली चार मिनिटं लागतात," तेव्हा मी कप खाली ठेवला.

"त्यात काय! एक पॅकेज मॅनेजर बसवतो. दहा मिनिटांचं काम."

"तुम्ही? परवा रिमोटचे सेल उलटे घातलेत, ते तुम्हीच ना?"

"अगं, पॅकेज मॅनेजरवरचा लेख गेल्या बुधवारी मीच पानात लावला. आणि लिहिलाय कोणी? तुझ्या सख्ख्या भावानं!"

"आज हात लावू नका हं. साडेअकराला साहेबांना दाखवायचाय," असं बजावून ती आंघोळीला गेली.

ती पाणीपुरवठा विभागात आहे. शहरातले कोणते पाइप आधी फुटतील, हे सांगणारा प्रोग्राम तिनं आठ महिने खपून लिहिला होता. तो मुख्य अभियंत्यांना पटला, तर खोदकाम तिच्या यादीनं होणार होतं. नाहीतर चालत आलेली पद्धत होतीच : जो मोठ्यानं ओरडेल, त्याचा रस्ता आधी.

आता पॅकेज म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला प्रोग्रामचा तयार तुकडा. असे तुकडे आणणं, बसवणं, काढणं हे पॅकेज मॅनेजरचं काम. मी तिचा लॅपटॉप उघडून लेखातली पहिली आज्ञा टाइप केली. बसला! दुसरी आज्ञा : आहेत ती पॅकेजं दाखव. दाखवली.

दोनशे चौदा!

मी हादरलोच. आमचा अख्खा अंक बारा माणसं काढतात, आणि इथं एका प्रोग्रामला दोनशे चौदा? तारखांचंच काम करणारी तीन होती. एक ठेवलं, दोन उडवली. तक्त्यांसाठी चार. एक पुरे! काही तर नुसती दुसऱ्याला मदत करायला बसलेली. तसले लोक मी ऑफिसात रोज बघतो. मॅनेजर दर वेळी विचारायचा, "नक्की काढू?" मी म्हणायचो, हो. की तो काढून मोकळा! बावीस वर्षांत असा गुणी सहकारी मला मिळाला नव्हता.

उरली नऊ. कशी सुटसुटीत यादी!

बायको डोक्याला टॉवेल गुंडाळून आली आणि तिनं प्रोग्राम सुरू केला. चार मिनिटं सोडा, चार सेकंदांत आटोपला.

"अहो, हे लाल काय आहे?"

"कुठं?"

"सगळीकडे!"

मी मेव्हण्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"भावोजी, घाबरू नका," तो म्हणाला. "काढायच्या आधी यादी जतन केलीत ना?"

"कसली यादी?"

"आवृत्त्यांच्या आकड्यांसकट सगळ्या पॅकेजांची! शेवटच्या परिच्छेदात ठळक अक्षरात लिहिलं होतं मी. 'हे केल्याशिवाय कशालाही हात लावू नका.' लेख वाचलात ना माझा?"

"शेवटचा परिच्छेद मी कापला."

"काय?"

"ऐन वेळी गादीची जाहिरात आली होती."

बायको किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि एवढंच म्हणाली, "आठ महिने."

नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मेव्हणा म्हणाला, "ताई, आता रडायचं नंतर. जुन्या आवृत्त्या आठवत नसतील तर ताज्या आण." मग सुरू झाली वरात! प्रोग्राम चालवायचा, तो एक नाव घेऊन रुसायचा, ते आणायचं, की ते आपल्याबरोबर सतरा पाहुणे घेऊन यायचं. पुन्हा चालवायचा, पुन्हा नवं नाव! मी पंखा वाढवणे एवढीच सेवा करत होतो.

दहा पन्नासला रुसवे संपले. प्रोग्राम धावला... आणि थांबला. या वेळचा निरोप वेगळाच होता. बायकोनं मोठ्यानं वाचला, "अकराशे सहा ओळींत वय नाही. पुढे जाता येत नाही."

"हे काय आता? इतके दिवस तर चालत होतं!"

फोनमधून मेव्हणा हळूच म्हणाला, "ताई, नव्या आवृत्तीला रिकामा रकाना चालत नाही. जुनी गुपचूप शून्य धरायची."

"शून्य वय म्हणजे?" मी विचारलं.

बायको म्हणाली, "म्हणजे काल घातलेला, कोरा करकरीत पाइप. ज्यांचं वयसुद्धा कुणाला ठाऊक नाही इतके जुने पाइप, आणि मी ते नवे म्हणून यादीत तळाला टाकले!"

सगळ्यात आधी फुटणारे अकराशे पाइप सगळ्यात शेवटी! आणि तासाभरात त्यावर साहेबांची सही झाली असती!

"म्हणजे मी तुला वाचव..."

"एक शब्द बोलू नका!" म्हणून तिनं लॅपटॉप उचलला आणि गेली.

दिवसभर अंकात माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी ती आली. साहेबांना तिनं सरळ सांगून टाकलं होतं, यादी चुकली आहे, सहा आठवडे हवेत. साहेब थक्क झाले. पकडलं जाण्याआधी स्वतःची चूक सांगणारं माणूस त्या विभागात त्यांनी प्रथमच पाहिलं. सहा आठवडे मिळाले!

मी कॉलर ताठ केली. इतक्यात तिच्या मागून ड्रायव्हर अकरा जाडजूड रजिस्टरं घेऊन आत आला.

"पाइपांची वयं यात आहेत. हातानं लिहिलेली," बायको म्हणाली. "साहेब विचारत होते, हे वाचून टाइप करणारा माणूस आणायचा कुठून? म्हटलं, घरात आहे."

तेव्हापासून रोज सकाळी दोन तास बसतो आहे. आज तीनशे बाराव्या पाइपाशी पोचलो. वयाच्या रकान्यात कुणा कारकुनानं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आहे : 'मागील रजिस्टर पाहावे.'

माझ्या हातात आहे ते पहिलं रजिस्टर आहे.